गरम करून ठेवलेली गाडी

१

चढावर बॉनेटमधून वाफ निघायला लागली तेव्हा स्टिअरिंगवर विमाबाई होत्या, त्यामुळे पहिला संशय अर्थातच त्यांच्यावर. या बाईंनी माझ्या गाडीवर आजवर काय काय प्रयोग केलेत ते सांगत बसले तर गोष्ट बाजूलाच राहील. साठी ओलांडलेली बाई, सगळी नोकरी विमा कंपनीत, आणि काम काय, तर लोकांचे दावे खरे की खोटे ते शोधायचं. निवृत्त झाल्यावर गाडी शिकायचं डोक्यात घेतलं. इतर ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी त्यांना हात जोडले. मी घेतलं, कारण मी तेव्हा कोणालाच नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हते.

"मॅडम, धूर," त्या शांतपणे म्हणाल्या.

"धूर नाही, वाफ आहे. काटा बघा कुठे गेलाय." मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. काटा लाल पट्टीत जाऊन टेकला होता.

आता माझी शाळा म्हणजे काय ते सांगते. ऑफिस नाही, दुसरी गाडी नाही, नोकर नाही. दादाची जुनी गाडी विकत घेतली, शेजारच्या सीटपुढे दुसरे ब्रेक-क्लच बसवले, टपावर पाटी लावली, झाली शाळा. त्याआधी कितीतरी वर्षं मी दुसऱ्याच्या शाळेत शिकवत होते. तिथला मालक शिकणाऱ्यांवर ओरडायचा आणि मी मालकावर ओरडायचे. एके दिवशी किल्ली त्याच्या टेबलावर आपटून निघून आले. म्हणजे हे इंजिन बसलं असतं, तर त्याच टेबलासमोर जाऊन मान खाली घालून उभं राहायची वेळ येणार होती. त्यापेक्षा मी रस्ते झाडले असते.

इंजिन निवल्यावर बॉनेट उघडलं. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याची, टाकी ठणठणीत कोरडी. मिस्त्रीने नुकतीच खुणेपर्यंत भरून दिली होती. मी गुडघ्यावर बसून गाडीखाली पाहिलं. एक थेंब नाही.

"गेलं कुठे हे?" मी म्हटलं.

विमाबाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. "कुठे गेलं, हा एक प्रश्न झाला. आमच्या नोकरीत आम्ही आधी दुसरा विचारायचो. कधीपासून जातंय?"

मला त्या क्षणी असा राग आला म्हणून सांगू. इथे माझं पोट चाललंय वाफेवर आणि या बाईंना तारखा हव्यात.

२

माझा मिस्त्री म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. त्याने नळ्या दाबून पाहिल्या, झाकण तपासलं, आतले गालिचे हाताने चाचपले. मग टाकीच्या तोंडाला एक छोटा पंप लावला आणि हवा भरली. पंपावरचा काटा जागचा हलला नाही.

"ताई, बाहेर कुठेच गळत नाहीये."

"मग आत गळतंय का?"

"ते एवढ्यात नाही सांगता येणार. रात्रभर गाडी ठेवा माझ्याकडे. इंजिन पूर्ण गार झालं की बघतो."

"सकाळी उजाडल्यापासून माझे लोक रांगेत असतात. रात्रभर कशी ठेवू?" मी त्याच्या डोक्यावर उभी राहून घाई केली, हे मला कबूल आहे. त्याने टाकी भरून दिली. चार दिवसांत ती पुन्हा खाली.

संध्याकाळी दादाकडे गेले. माझ्या गल्लीत गाडी लावायला तेव्हा जागा नव्हती, म्हणून ती दादाच्याच घरामागच्या शेडमध्ये असायची. दादा पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. माळ्यावरचं काहीतरी काढायला स्टुलावर चढला आणि खाली आला, त्याला काही आठवडे झाले होते. वहिनी त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

मी सगळं सांगितलं. दादा भुवई उडवून म्हणाला, "माझ्याकडे इतकी वर्षं होती ती. काटा कधी अर्ध्याच्या वर गेलेला मी बघितला नाही. बारके, तू भोळी आहेस. मिस्त्रीच काढून घेत असणार. पुन्हा पुन्हा तुला दारात आणायचा धंदा आहे तो."

मला तो अजून बारके म्हणतो. लहानपणी मला सायकल त्यानेच शिकवली. मागून कॅरियर धरून धावायचा, आणि मी मागे वळून पाहिलं की म्हणायचा, धरलंय, तू पुढे बघ. दादाने सांगितल्यावर मी पडताळून बघायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रीला नको नको ते बोलले. चोर म्हटलं. तो फडक्याने हात पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमची गाडी आता माझ्याकडे आणू नका."

जाताना मी स्वतःवर खूश होते. टाकी दुसरीकडून भरून घेतली, खुणेपर्यंत. बॉनेटच्या फटीवर कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर माझी सही केली. आता कोण हात लावतो बघू.

काही दिवसांनी, विमाबाईंच्या समोर, पट्टी तपासली. सही अखंड, कड कुठे उचललेली नाही. ती फाडून बॉनेट उघडलं.

टाकी अर्ध्याच्या खाली गेली होती.

३

"म्हणजे चोर नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. मिस्त्रीला जे जे बोलले होते ते सगळं आठवलं.

"बसा गाडीत," विमाबाई म्हणाल्या. "मला चालवताना चांगलं सुचतं."

हे खोटं होतं. चालवताना त्यांना काहीही सुचत नसे, गिअरसुद्धा. पण त्यांची एक खोड मला एव्हाना कळली होती. त्यांना कोणाला काही विचारायचं असलं की चालत्या गाडीत विचारायच्या. शेजारचा माणूस समोरच्या ट्रककडे डोळे फाडून बघत असतो, त्यामुळे खोटं बोलायला त्याचं डोकं मोकळं नसतं.

"तुम्ही गाडी घेतली त्यानंतर किती दिवस पाणी कमी झालं नाही?"

"दोन-तीन महिने. एकदाही नाही. डावीकडे ठेवा, बाई, डावीकडे."

"आणि सकाळी गाडी पहिल्यांदा कोण चालू करायचं?"

इथे मला खरंच बरं वाटलं, कारण ही माझी आवडती गोष्ट होती. "दादा. मी शेडवर पोचायच्या आधीच गाडी बाहेर काढून, चालू करून ठेवलेली असायची. काच पुसलेली. सीटसुद्धा ऊबदार, कारण तो तोवर बसलेला असायचा. म्हणायचा, माझ्या बहिणीने गार गाडी का चालू करायची. सांगा, कोणाचा भाऊ एवढं करतो? पहाटे उठून."

"आणि आता?"

"आता त्याचा पाय मोडलाय. मीच करते."

"सुरू होताना कशी होते?"

"जरा थरथरते. मागून पांढरा धूर येतो थोडा. थंडी आहे ना."

विमाबाईंनी भर चौकात गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले. त्यांनी किल्लीला हातही लावला नाही.

"मॅडम, त्या धुराला वास कसला येतो?"

"धुराला धुराचा वास येतो. क्लच दाबा आधी, लोक आपल्याला मारतील."

"उद्या हुंगून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गाडी चालू केली आणि सायलेन्सरमागे उकिडवी बसले. कोणी पाहिलं असतं तर मला वेड लागलंय असंच समजलं असतं. धूर पांढरा, ओलसर. वास गोडसर. साखर करपत असताना येतो तसा.

मान वर केली तर वहिनी मागच्या पायरीवर उभ्या. त्या मला हुंगताना बघत होत्या आणि हसत नव्हत्या. विमाबाई त्या दिवशी तिथूनच शिकायला बसणार होत्या, त्याही फाटकातून आत आल्या.

वहिनींना झाडांचं वेड. पायरीपासून भिंतीपर्यंत त्यांनी नवी रोपं मांडली होती, प्लास्टिकचे डबे आडवे कापून केलेल्या कुंड्यांत. सगळे डबे एकाच घाटाचे, मूठ असलेले, वरचे कागद खरवडून काढलेले. बरीचशी रोपं पिवळी पडून माना टाकून बसली होती.

"धरत नाहीत हो या डब्यांत," वहिनी म्हणाल्या. "कितीही धुतले तरी."

"कसले डबे आहेत?" विमाबाईंनी विचारलं.

"घरातलेच." वहिनींनी उत्तर विमाबाईंना दिलं, पण बघत माझ्याकडे होत्या. मी म्हटलं, जरा कमी पाणी घालून बघा, आणि गाडीत बसले.

विमाबाई वाकून एका डब्याच्या आत बघत राहिल्या. बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं. गाडीत बसल्यावर त्यांनी रुमाल माझ्यासमोर धरला. त्यावर हिरवट डाग होता.

"आज शिकायचं नाही," त्या म्हणाल्या. "आज मिस्त्रीची माफी मागायची."

४

माफी मागणं मला जमत नाही. मी गॅरेजच्या दारात उभी राहून म्हटलं, "मिस्त्री, मी फार वाईट बोलले. माझी चूक झाली." चार गिऱ्हाइकं त्या दिवशीही होती, तेवढं एक बरं झालं. त्याने हातातला पान्हा पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "गाडी रात्रभर राहील. घाई करायची नाही."

"नाही करणार."

सकाळी आम्ही दोघी पोचलो तेव्हा गाडी गार पडली होती. रात्रभर टाकीला पंप तसाच लावून ठेवला होता. त्याचा काटा आता खाली आलेला.

"मागच्या वेळी थोडाच वेळ लावला, तेवढ्यात कळलं नाही. भेग बारीक आहे," मिस्त्री म्हणाला. "मीही त्या दिवशी ऐकून घ्यायला नको होतं तुमचं."

त्याने इंजिनाचे चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. तीन तपकिरी, काजळलेले. चौथा घासून धुतल्यासारखा लखलखीत आणि ओला. मग सगळं परत बसवून इंजिन चालू केलं, टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी धरली. नळीत निळं औषध होतं. टाकीतून वर येणारी हवा त्यातून बुडबुडे काढत गेली आणि औषध हळूहळू पिवळं झालं.

"हे काय?"

"जळका गॅस. तो टाकीत असायलाच नको. इंजिनाचे दोन भाग असतात, ताई. मध्ये एक पत्र्याची पट्टी असते, हेड गास्केट म्हणतात तिला. ती इथे जळलीय. त्यामुळे तिकडचा गॅस पाण्यात येतो, आणि इकडचं पाणी इंजिनात जाऊन वाफ होतं. सायलेन्सरमधून निघून जातं. खाली थेंब कसा पडेल?"

"म्हणून सकाळी पांढरा धूर, आणि कूलंटचाच तो गोड वास."

"रात्रभर झिरपलेलं असतं ना. पहिल्यांदा चालू करताना ते बाहेर पडतं. थरथर त्यामुळेच. जरा वेळ चालली, गरम झाली, की काही कळत नाही."

विमाबाईंनी विचारलं, "दुखणं किती जुनं?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. सांगू की नको, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "ताई, गाडी घ्यायच्या आधी तुम्ही मला दाखवायला सांगितली होतीत. मी म्हटलं होतं, गार असताना आणा. तुमच्या दादांनी दोन्ही वेळा गरमच आणली. लांबून फिरून आलो म्हणाले. मी तुम्हाला तेव्हा बोललो होतो."

बोलला होता. आणि मी म्हटलं होतं, घरची गाडी आहे हो, काय बघायचंय.

"पण मग ते दोन-तीन महिने?" मी म्हणाले. "दुखणं जुनं, तर पाणी तेव्हाही जायला हवं होतं. टाकी कायम खुणेवर असायची. मी बघायचे."

विमाबाई गॅरेजमधल्या मोडक्या बाकावर बसल्या. "मॅडम, तुम्ही इतके दिवस शोधताय, पाणी कोण काढतंय. कोणीच काढत नव्हतं. ते तुम्ही गाडी घेतल्यापासून जातंय. आधी कोणीतरी रोज भरत होतं. त्या माणसाचं भरणं थांबलं."

मला कळलं. खरं सांगते, त्याच क्षणी कळलं. आणि म्हणूनच मी त्यांच्यावर ओरडले.

५

"तुमच्या नोकरीने तुमचं डोकं नासलंय," मी म्हटलं. "तुम्हाला जो तो चोर दिसतो. तो माझा भाऊ आहे."

"हो," त्या म्हणाल्या.

"तो माझ्यासाठी पहाटे उठायचा."

"हो. गाडी गरम करायला. म्हणजे तुम्हाला धूर दिसला नाही, थरथर लागली नाही. त्याच वेळी टाकीही भरायची, कारण झाकण गार असतानाच उघडता येतं. ते पडले आणि टाकी रिकामी व्हायला लागली. डब्यांच्या आत हिरवं वाळलेलं आहे, झाडं त्यानेच मरताहेत. एवढं कूलंट एका धड गाडीला जन्मात लागत नाही."

एकेक गोष्ट सरळ होती. तरी मी धरून बसले. "पाणी भरणं गुन्हा आहे का? कमी दिसलं असेल, भरलं असेल. हे असं आतलं दुखणं आहे हे त्याला कुठे माहीत होतं? मिस्त्रीला रात्रभर लागली शोधायला."

त्यावर विमाबाई पहिल्यांदाच अडल्या. "असेल. माहीत नसेलही. मी पुष्कळदा चुकलेय, मॅडम. तुमच्या बाबतीत चुकले तर मला बरंच वाटेल."

मला एवढंच हवं होतं. दादाला माहीत नव्हतं, इतकं कळलं की बस्स. गाडीचं काय, ती दुरुस्त होते.

आणि झाली. मिस्त्रीने हेड उतरवलं, घासून सपाट करून आणलं, नवी गास्केट बसवली, सगळं जुनं पाणी धुऊन नवं भरलं. मी शिकणाऱ्यांना सुट्टी दिली आणि दादाला सांगितलं, शिकणाऱ्यांच्या लायसन्सच्या परीक्षा आहेत म्हणून गाडी सध्या माझ्याकडेच ठेवतेय. दुरुस्तीबद्दल अक्षरही काढलं नाही. मग गाडी चढावरून वरखाली पळवून पाहिली. काटा मधोमध आला आणि तिथेच बसला.

दादाचं प्लास्टर काढायचा दिवस आला. हॉस्पिटल त्याच चढाच्या वर आहे. मी फोन करून म्हटलं, मी नेते.

"विमाबाई चालवतील," मी सांगितलं. "त्यांचा सराव होईल."

"बारके, माझा दुसरा पाय तरी राहू दे," दादा म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. मी हसले याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

६

दादा मागे, पाय सीटवर आडवा टाकून. वहिनी त्याच्या पलीकडे कोपऱ्यात. पुढे विमाबाई आणि मी. मागच्या माणसाला काटा दिसत नाही, विमाबाईंचा खांदा मध्ये येतो. ते आम्ही आधीच बसून पाहिलं होतं.

विमाबाई त्या दिवशी बऱ्या चालवत होत्या, नेमक्या त्याच दिवशी. दादा मजेत होता. पाय मोकळा झाल्यावर काय काय करणार ते सांगत होता. "आणि पहिलं काम म्हणजे तुझी गाडी परत शेडमध्ये आण. सकाळी मी आहेच."

चढ सुरू झाला. मी काट्याकडे बघत होते. मधोमध. मनात एकच चाललं होतं, दादा, काहीतरी चुकीचं बोल. घाबर. थांबव म्हण. मिस्त्रीकडे ने म्हण. ज्याला माहीत नसतं तो माणूस जे बोलेल ते बोल.

वळण गेल्यावर विमाबाई म्हणाल्या, "मॅडम, काटा वर चाललाय."

काटा हलला नव्हता.

"हीटर लाव," मागून दादा म्हणाला. आवाजात घाबरणं नाही, आश्चर्य नाही. "पूर्ण लाव आणि काचा खाली करा. थांबवू नका, हा चढ आहे ना, इथे चढतोच तो. वर सपाटी लागली की आपोआप उतरतो."

 मग विमाबाईंनी अगदी शिकाऊ आवाजात विचारलं, "हीटर लावून काय होतं हो?"

"इंजिनाची गरमी आत ओढली जाते. मागच्या वर्षी ही गाडी माझ्याकडे होती तेव्हा इथून नेताना मी दर वेळी..."

तो थांबला.

मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी कडेला लागली. "बाई, जरा मागे सरका," मी म्हटलं. विमाबाई सरकल्या. दादाने मान पुढे काढली आणि काटा पाहिला. 

"दुरुस्त केलीस," तो म्हणाला.

"माझ्याकडे काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नाही, असं म्हणाला होतास."

"मी भरत होतो ना, बारके. रोज. एक दिवस चुकवला नाही. ताप असतानासुद्धा उठलो. तुझं इंजिन बसू दिलं असतं का मी? जमेल तेव्हा गुपचूप दुरुस्तही करून देणार होतो."

"मिस्त्रीचं नाव का घेतलंस?"

"मग काय सांगणार होतो तुला, पलंगावर पडल्या पडल्या?"

मी त्या माणसाला चार लोकांत चोर म्हटलं होतं, दादाच्या शब्दावर. 

वहिनी पहिल्यांदाच बोलल्या, खिडकीबाहेर बघत. "पडल्यावर मला सांगत होते, तू जाऊन भर, चालू करून ठेव. मी हात लावला नाही. नवऱ्याविरुद्ध तोंड उघडायला मला जमलं नाही. म्हणून डबे दारात मांडले. लपवायला सांगितले होते."

दादाने त्यांच्याकडे वळून पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडी मोडीत गेली असती," तो म्हणाला. "मला ती काढायचीच होती."

"काढायची. पण मलाच का, दादा? बाहेर एवढी माणसं होती."

तो पायावरच्या प्लास्टरची कड चाचपत बसला. मला वाटलं, आता म्हणेल, तुझी शाळा व्हावी म्हणून. तुला दुसरं कोण देणार होतं म्हणून. मी ते मानलंही असतं.

"बाहेरच्या कोणी उघडून बघितल्याशिवाय घेतली नसती," तो म्हणाला.

विमाबाईंनी इंजिन चालू केलं आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली. एकदाही बंद न पाडता त्यांनी चढ संपवला आणि हॉस्पिटलच्या दारात नेऊन लावली.

७

परत सोडलं तेव्हा वहिनी आत गेल्या आणि शेडमधल्या खिळ्यावरची दुसरी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली. 

आता गाडी माझ्याच गल्लीत असते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी भांडून जागा मिळवली. विमाबाई दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्या आणि अजूनही येतात, म्हणतात सवय लागलीय. मिस्त्री बोलतो, पूर्वीपेक्षा जरा कमी.

सकाळी मी खाली येते, बॉनेट उघडते, टाकी बघते, मग चालू करते. सीट बर्फासारखी असते. पहिल्या काही दिवसांत त्या गार सीटवर बसले की मला रडू यायचं, आणि रडू येतंय याचा संताप यायचा. माझं त्या ऊबदार सीटवर प्रेम होतं. ते सकाळी दोनदा आठवलं तर दोनदा फसवल्यासारखं वाटतं.

परवा सकाळी खाली आले तर दादा गाडीपाशी उभा. काठी टेकत आला होता. एका हातात फडकं. पुढची काच पुसून झाली होती.

"ये, किल्ली दे," तो म्हणाला. "चालू करून देतो." जुन्या सवयीने हात पुढे केला.

मी किल्ली दिली नाही. बॉनेट उघडलं, टाकी पाहिली. खुणेवर होती. बॉनेट लावलं, आत बसले आणि चालू केली. एका झटक्यात सुरू झाली. थरथर नाही, काही नाही.

मला वाटलं तो माझ्याकडे बघत असेल. काहीतरी बोलेल. मी आरशात पाहिलं. दादा काठी टेकत गाडीच्या मागे गेला होता आणि वाकून सायलेन्सरकडे बघत होता, धूर येतोय का ते.

धूर नव्हता. त्याने मान हलवली, समाधानाने, आणि बाजूला झाला. मी गाडी काढली.